अडतीस

गोळीबार चौकातल्या दवाखान्यासाठी
मी एक फॉर्म केला. उंची, वजन, वय,
आणि खाली एक हिरवं बटण: हिशोब करा.
मे महिना होता. कूलरमधलं पाणी संपलेलं,
पंखा नुसताच वाळ्याचा जुना वास फिरवत होता.

बटण दाबलं की पान स्वतःलाच पुसून टाकतं,
लिहिलेलं सगळं घेऊन कुठेतरी निघून जातं,
ही त्याची जन्मजात खोड.
ती मोडायला एक ओळ पुरते:
थांब. जाऊ नकोस. आधी ऐकून घे.
ही ओळ मी फार लवकर शिकलो,
पानांच्या बाबतीत.

मग बाकीची राखण.
रकाना रिकामा, परत पाठव.
अक्षर आलं, परत पाठव.
उंची शून्य असेल तर भागाकाराला हातच लावू नकोस.
वजन तीनशेच्या वर गेलं तर विचार,
बाप्पा, बोट घसरलं का?
हे शेवटचं डॉक्टर ढोक मॅडमनी खोडायला लावलं.

पहिल्या दिवशी कौतिकाबाई हेडाऊ आल्या.
हातमाग बंद पडून अकरा वर्षं झाली,
तरी चालताना उजवा पाय
अजून पावडी दाबल्यासारखाच पडतो.
टॅब मांडीवर घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला
आणि वजनाच्या रकान्यात स्वतःच्या बोटानं टाकलं
३८.
कृपया योग्य संख्या भरा.
त्यांनी पुसलं. पुन्हा टाकलं, सावकाश,
आधी ३, मग माझ्याकडे एकदा पाहून ८.
कृपया योग्य संख्या भरा.

"काहून रे? अडतीस संख्या नोहे का?
सोसायटीच्या काट्यावर उभी राहून आली मी,
सूत मोजत ना, त्याच.
सुताले कधी नाही म्हनलं नाही त्यानं."

मी वाकून पाहिलं.
चूक त्यांची नव्हती, काट्याचीही नव्हती.
माझ्या फॉर्मला दहाच आकडे ओळखीचे होते,
दहाही इंग्रजी शाळेत गेलेले.
ज्या आकड्यांत आईनं मला सतराचा पाढा
तीन रात्री झोपू न देता घोकवला
ते मी दाराबाहेर उभे केले होते,
अक्षर समजून.

दुरुस्ती चार मिनिटांची.
शून्याला आत घेतलं, एकाला घेतलं,
असं करत नवापर्यंत.
आठ आत आला तेव्हा कौतिकाबाई
उंचीच्या रकान्यापाशी अडल्या होत्या.
"लुगडे मोजले जिंदगीभर, नऊ वार, सहा वार.
मले कोनी मोजलंच नाही."

चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ लावायला सांगितलं.
डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलनं रेघ ओढली.
टेप डॉक्टरांच्या शिलाई मशीनचा.
१४६.

हिरवं बटण. पान जागेवरच थांबलं.
१७.८, लाल अक्षरांत,
आणि खाली माझंच वाक्य:
आपले वजन प्रमाणापेक्षा कमी आहे.
आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.
त्यांनी मोठ्यानं वाचलं, 'ज्ज्ञां'पाशी ठेचकाळल्या,
मागे जाऊन पुन्हा वाचलं.
"हे कोनं लिवलं?"
मशीननं, मी म्हणालो.
"मंग मशीनले सांगजो पोरा,
हे तं मले माह्या पोलक्यानं मागच्याच वर्षी सांगतलं."

फॉर्म काहीच साठवत नाही. मुद्दाम तसा केला आहे,
आणि हे मी सगळ्यांना छाती काढून सांगतो.
पान मिटलं, अडतीस गेले.
चौकटीवरची रेघ मात्र राहिली.
आता ज्याला त्याला तिथेच उभं राहायचं असतं,
कौतिकाबाईच्या वर की खाली, ते बघत.

त्या वाक्याच्या जागी काय लिहावं
ते अजून सुचून नाही राहिलं.
सध्या तिथे एवढंच आहे:
डॉक्टर आत आहेत. बसा.
माठ खिडकीखाली आहे.