धाकटी साखळी

मोठी तिची, धाकटी माझी.
माझ्या पदकावर नुसतंच कोरलंय 'सोबती'.
नाव नाही. सोबती दरवर्षी बदलतो,
अक्षरं कोण कोरत बसणार?

मे महिन्यात, टाउन हॉलमध्ये,
पांढरे हातमोजे घातलेल्या क्लिफर्डने
प्रमोदिनीच्या गळ्यात ते सोनं उतरवलं,
खांद्यावर दोन आकडे अडकवले
आणि इरकलीला पहिलं भोक पडलं.
"आईचा साज इतका जड नव्हता,"
ती पुटपुटली. माइक चालू होता.
मराठी न कळणाऱ्या हॅसलब्रुकने टाळ्या वाजवल्या.

मग डायरी माझ्याकडे आली.
मंगळवारी बोलिंग क्लब, बुधवारी नवं फिजिओथेरपी केंद्र,
शनिवारी कुत्र्यांचं प्रदर्शन, आणि संध्याकाळी
ब्रास बँड, ज्याचा ट्रॉम्बोनवाला आमचाच दंतवैद्य.
फिती कापायच्या कात्र्या सगळीकडे मानाच्या आणि बोथट.
तिसऱ्या उद्घाटनापासून मी कोटाच्या खिशात
आपली घरची, कोथिंबिरीची, ठेवू लागलो.
प्रत्येक रॅफलचं तिकीट घ्यायचं, जिंकायचं मात्र नाही,
जिंकलोच तर बक्षीस परत करायचं.
शेरीची एक बाटली आम्ही अशी चारदा परत केली.
चौथ्यांदा लेबलवरच्या डागावरून ओळखली:
तीच होती.

मान मिळाला की मान अवघडते.
रात्री मी बाम चोळायचो.

एडिथ ग्रीनहॉल्घ शंभर वर्षांच्या झाल्या,
तेव्हा त्यांनी साखळी तळहातावर तोलून पाहिली.
"गिरणीत यापेक्षा जड उचललंय, पोरी."
पोरगी अडुसष्ट वर्षांची. लाजली.

नव्या नागरिकांना शपथ देताना मात्र
तिचा आवाज एकदा अडकला.
आमचं नागरिकत्व पोस्टाने आलं होतं,
तपकिरी लिफाफ्यात, गॅसच्या बिलाबरोबर.
त्या दिवशी आम्ही काय केलं होतं, आठवत नाही.
बहुतेक बिल भरलं.

शाळेत एका सहा वर्षांच्या मुलीने विचारलं,
"तू राणी आहेस?"
"नाही गं."
"मग तू काय काम करतेस?"
प्रमोदिनीने जरा विचार केला.
"मी येते," ती म्हणाली.
बाई हसल्या. मुलगी हसली नाही,
तिने मान डोलावली, हिशेब पटल्यासारखी.

फेब्रुवारीतली एक गोष्ट डायरीत नाही.
सिरिल ऑर्मरॉड, वय एक्क्याऐंशी,
नातेवाईक: सापडले नाहीत.
खर्च कौन्सिलचा, म्हणून सकाळी नऊची वेळ,
सगळ्यात स्वस्त ती.
ती म्हणाली, "आज नको," आणि दोन्ही साखळ्या
तिजोरीत राहिल्या.
आम्ही चौघं: कौन्सिलची एक कारकून मुलगी,
हातमोज्यांशिवाय क्लिफर्ड, ती, मी.
पाद्री घाईत होते. म्हणाले, "आपला बंधू सेसिल..."
"सिरिल," बाकावरून ती म्हणाली,
फार मोठ्याने नाही,
वर्गात हजेरी घेताना म्हणावं तसं.
पाद्री थांबले. चष्मा लावला. पुन्हा सुरुवात केली.

मे परत आला. टाळ्या परत झाल्या.
माझी धाकटी साखळी एका उंच बाईंच्या गळ्यात गेली,
त्यांना ती माझ्यापेक्षा शोभली, हे खरं.
घरी फोन गप्प. इरकल इस्त्रीला काढली तर
खांद्यावर चाळणी. "रफू करून आणू?"
"बघू."

परवा सकाळी साडेआठला ती
काळा कोट घालून दारात उभी.
"कुठे?"
"नऊची वेळ आहे. त्या क्लार्क मुलीने कळवलं.
बाईचं नाव मॅवीस."
"बोलावलंय तुला?"
"कोण बोलावणार?"

आता गाडी नाही. बत्तीस नंबरची बस, वरचा मजला,
काचेवर वाफ. ती ओठातल्या ओठात नाव घोकत होती.
मी खाली बसलो तेव्हा खिशात काहीतरी टोचलं:
कोथिंबिरीची कात्री.