धंदा

परभणीच्या कोर्टाला लागून, पत्र्याखाली
माझं मशीन. आता कॉम्प्युटर आहे,
पण लोक मशीनच म्हणतात.
पानाला तीस रुपये.
घाई असेल तरी तीसच,
इथं घाई सगळ्यांनाच असते
आणि कुणाचंच काही लवकर होत नाही.

काझी वकिलांनी कच्चा कागद दिला :
मोटार अपघात दावा न्यायाधिकरण यांचे समोर,
अर्जदार उत्तरेश्वर मारोती साळवे,
वय सेहेचाळीस, राहणार झरी, धंदा
— इथं काहीतरी लिहून खोडलेलं,
वर बारीक अक्षरात : मजुरी.

अर्जदार समोरच्या बाकावर,
उजवा हात कापडी पिशवीत घालून.
म्हणाला, ताई, मजुरी कामून?
मी क्लॅरनेट वाजवतो.

मजुरीला सरकारी दर असतो, वकील म्हणाले,
वाजवण्याला नसतो.
पावती आहे? पगार बँकेत? बँडमालक लिहून देतो?
बँडमालक देत नाही. टेम्पो त्याचाच,
मागं माणसं बसवायचा परवाना नव्हता.
तो म्हणतो, उत्तरेश्वर? असंल.
लग्नसराईत कोण कोण येतंय.

मी टाईप करत गेले.
की अठरा मे रोजी रात्री अंदाजे दीड वाजता
बोरीहून लग्न वाजवून परत येत असताना
गैरअर्जदार क्रमांक एक याच्या ताब्यातील हायवा
भरधाव, हयगयीने व निष्काळजीपणे —
ही ओळ बोटांना पाठ आहे.
आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी
हयगयीने व निष्काळजीपणे येतं
आणि मी पूर्णविराम देते.
गैरअर्जदार तीन, विमा कंपनी.
सगळ्यात लांब पत्ता तिचाच.

पंचनाम्यात ढोल मोजलेत, झांजा मोजल्यात,
शेवटी : एक काळी नळी, तुटलेली, किंमत नाही.

अपंगत्वाचा दाखला : अठ्ठावीस टक्के.
कशाचे? त्यानं विचारलं.
हाताचे का माणसाचे?
मला माहीत नव्हतं. जसं होतं तसं छापलं.

मग पिशवीतून हात निघाला.
तर्जनी होती, अंगठा होता.
अंगठा हवेत धरून म्हणाला,
ह्याचं काम नुस्तं वजन पेलायचं.
सूर ह्याच्यात नसतो.
नेमका ह्योच राहिला बगा.

पुरावा म्हणून बोरीच्या नवरदेवाच्या मामानं
व्हिडिओ पाठवलाय, अकरा मिनिटांचा.
त्यात मामाच नाचतोय. मामाच्या खांद्यामागं
कुणाची तरी बोटं पळतायत काळ्या नळीवर,
थांबतायत, पुन्हा पळतायत. चेहरा एकदाही नाही.
वकिलांनी चष्मा पुसला :
बोटांवरून ओळख कशी पटवू?
आता ती जुळायची नाहीत.

चहा आला. कुणी बोललं नाही.
मी वर गेले, पहिल्या पानावर,
आणि विचारायच्या आधीच टाईप केलं :
धंदा, क्लॅरनेट वाजवणे व मजुरी.
वकिलांनी वाचलं, मान हलवली,
म्हणाले, राहू द्या.
नाहीच सिद्ध झालं तर मजुरी आहेच.

सहीला पेन धरवेना.
आधारवरच्या सहीशी तसंही जुळलं नसतं.
कारकून म्हणाला अंगठा घ्या, पुरुषाचा डावा.
शाईच्या डबीत बुडवून तो थांबला.
ह्येच दाबलं का सूर वर उडी मारतो, ताई,
म्हणाला, आणि दाबला,
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

सात पानं, दोनशे दहा.
दोनशेच निघाले. दहा पुढल्या तारखेला देतो म्हणाला.
पुढली तारीख अजून पडायची होती.
मी वहीत लिहिलं :
साळवे, क्लॅरनेट, दहा.