वीज आल्यावर आधी काय

वीज आली की आमचं अख्खं आवार ओरडतं.
पहाटे पावणेतीनला आली तरी ओरडतं.
टिमिलेयिन तर झोपेतच आरोळी ठोकतो, डोळे मिटलेले,
आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागतो.
मी उठते.

क्रम ठरलेला आहे, चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहिलेला
(गणिताची बाई मी, खडू काही हातचा सुटत नाही):
आधी पंप. मग ब्लेंडर. मग इस्त्री.
पंप आधी, कारण टाकी भरायला पस्तीस मिनिटं लागतात
आणि त्याच्याशेजारी उभं राहावं लागत नाही.
फ्रिजला काही सांगावंच लागत नाही.
एरवी तो बिचारा कपाट असतो,
मेणबत्त्या, बिस्किटं, माझ्या शाळेच्या उत्तरपत्रिका;
वीज आली की त्याला आपला धंदा आठवतो आणि तो गुरगुरतो.

लाडका कोण म्हणाल, तर ब्लेंडर.
लग्नात आलेल्या सात वस्तूंपैकी हा एकटा टिकला.
(नवरा धरून सात. तो पोर्ट हार्कोर्टला असतो.)
झाकण तडकलंय, तिथे मी बशी दाबून धरते.
आमच्या चिमुकल्या जनरेटरला बाजारात म्हणतात
'शेजाऱ्यापेक्षा मी बरा'.
त्याच्यावर एक दिवा लागतो, पंखाही कसाबसा फिरतो,
पण ब्लेंडर जोडला
की तो दोनदा खोकतो आणि मान टाकतो.

म्हणून शनिवारी बोदिजा बाजारातून आल्या आल्या
टोमॅटो, लांब लाल मिरच्या,
आणि ती बुटकी, फुगरी अता रोदो,
जिचं नाव काढलं तरी नाक वाहतं,
सगळं धुऊन, देठं खुडून, चाळणीत निथळत ठेवते.
वीज येणार की नाही, देव जाणे.
माझी श्रद्धा एवढीच आहे:
देठं खुडलेल्या मिरच्या.

टोमॅटो भांड्यात घातले. पाणी नाही घालायचं,
टोमॅटोला स्वतःचं असतं.
बशी दाबली, बटणाकडे बोट नेलं
आणि दारावर टकटक.

मामा एजिरो. डोक्याला झोपेचा रुमाल, कडेवर टोपलं,
टोपल्यात चवळी, भिजलेली, सोललेली,
सहा वाजता शाळेच्या फाटकापाशी तिचे अकारा तळायला बसायचे.
तिचा ब्लेंडर गेला मागच्या महिन्यात;
वीज आली ती नको इतकी आली.
ती काही मागत नाही. म्हणते, "जागीच आहेस का?"
हातात बशी धरलेल्या बाईला!

मी टोमॅटो परत चाळणीत ओतले.
आधी लाल वाटलं तर चवळी लाल होते,
मध्ये भांडं विसळा, पुसा, सात-आठ मिनिटं गेली.
पांढरं आधी, लाल नंतर: एकदाही धुवावं लागत नाही.
हे मी शांतपणे, फळ्यापाशी सांगावं तसं सांगितलं
आणि मनात इस्त्रीवर काट मारली.

पहिला घाणा. दुसरा. मोटर तापली,
आम्ही दोघींनी वर्तमानपत्राने तिला वारा घातला,
आजारी माणसाला घालतात तसा.
तिसरा.
चौथ्याला चवळी अशी फुलली
की मामा एजिरोने बोट बुडवून थेंब पाण्याच्या वाटीत सोडला.
तरंगला.
आणि वीज गेली.

जाताना कोणी ओरडत नाही.
टाकीत पाणी पडायचं थांबलं, तेवढं ऐकू आलं.
अंधारात चाळणीभर टोमॅटो, अख्खेच्या अख्खे.
ती म्हणाली, "अगं मोरेनिके."
मी म्हटलं, "जा, पीठ झाकून ठेव."

सकाळी टोमॅटो हातानेच कुस्करून रटरट आटवले,
आटवलेलं तीन दिवस टिकतं, फ्रिज कपाट झाला तरी.
टिमिलेयिनचा शर्ट गादीखालून काढला,
वीज नसली तर तीच इस्त्री;
फक्त रात्री तो नको तिथे वळला होता,
पाठीवर तिरकी घडी, तलवारीच्या वारासारखी.
त्याला त्याचं काही नव्हतं.
फाटकापाशी मामा एजिरोने कागदात सहा अकारा दिले होते,
पैशाला हात लावला नाही.

मी घरी येऊन कोपराने भिंत पुसली.
नव्याने लिहिलं: पंप. पांढरं. लाल.
मग खडू संपला.