एक हजार चोवीस शेजारी

नंदुरबार. मार्केट कमिटीची वरची खोली.
खिडकीखाली पथारीवर लाल मिरची,
माझ्या नाकावर ओढणी
आणि सायसिंग वळवीचा चौथा फोन:
"मॅडम, आठ नंबरचा काटाबी पावती देत नाही."
मग शिंक.

सचिव म्हणतात, बंद करून चालू करा ना.
खाली नव्वद गाड्या उभ्या आहेत.

बंद करायचं नाही, हे मला बापानं शिकवलं.
झिपरू मिस्तरी, शहाद्याचा.
डिझेल इंजिन धडधडत असतानाच
गव्हर्नरचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, कान देऊन.
"बंद इंजिन काय सांगी? मुकं शे ते."

म्हणून चालू कर्नेललाच विचारते.
त्यानं स्वतःला फायलींसारखं मांडून ठेवलेलं असतं.
पण फायली नव्हेत त्या: लांबी शून्य,
डिस्कवर कुठंच नाहीत.
उघडली की आत्ता, या क्षणी
तो काय धरून चाललाय, तेवढं सांगतो.
काही नुसत्या वाचायच्या.
काहींत लिहिताही येतं,
आणि लिहिलेलं तो चालता चालता मानतो.

लॉगमध्ये तीच ओळ, शेकडो वेळा:
शेजाऱ्यांचा तक्ता भरून वाहतोय.

शेजारी. शब्द त्याचाच, माझा नाही.
एकाच जाळ्यावर जे जे आहेत ते सगळे.
एकशे अठ्ठावीसपर्यंत कुणालाच विसरत नाही.
पाचशे बारानंतर जुन्यांना गाळू लागतो.
एक हजार चोवीसला दार लावतो.
कुठल्याशा नीटनेटक्या ऑफिसाकडे पाहून
कुणीतरी ठरवले असतील हे आकडे.
तिथं देठं खुडायला
अक्कलकुव्याहून, धडगावहून बाया येत नसतील,
कमरेला एकेक फोन खोचून,
कमिटीच्या फुकट वायफायवर
पोरांचा चेहरा बघायला.

चार हजार शहाण्णव.
एंटर.

काही हललं नाही, दिवासुद्धा.
फक्त खालून प्रिंटरची करकर
आणि कुणीतरी ओरडलं, "निंघनी रे पावती!"

पहाटे लाइट गेली. बॅटरी आधीच म्हातारी.
उठला तेव्हा पुन्हा एक हजार चोवीस,
जणू रात्र झालीच नव्हती.
कानात सांगितलेलं झोपेत जातं.
मग कायमच्या फायलीत लिहिलं,
वर एक ओळ, कर्नेल वाचत नाही अशी,
माझ्यानंतर या खुर्चीवर बसेल त्याच्यासाठी:

# मिरचीचा हंगाम. शेजारी जास्त.
# सायसिंगला विचारल्याशिवाय कमी करू नये.