चार घरं

होमा बेच्या शाळेत, तिसऱ्या तासाला,
मी फळ्यावर चौकट आखते.
वर आई, डाव्या हाताला बाप,
आत चार घरं.
वर्ग वहीत उतरवून घेतो,
पट्टीने, जसा नकाशा उतरवतात
कधी न जायच्या गावाचा.

अवुओर तिसऱ्या बाकावर.
स्कर्टचा हूक दोनदा सरकवून झाला,
आता तिथे सेफ्टी पिन आहे.
दिवस गेलेत तिला, सहावा महिना.
गेलेले दिवस मी हजेरीपटात मोजले:
एकेचाळीस.

तिच्या ओठांवर पांढरी धूळ दिसली
तेव्हा मला आधी खडू वाटला.
ओदोवा होता तो,
टपरीवर मूठमूठभर विकतात तो मऊ दगड.
"डोहाळे म्हणून सोडून देऊ नका," सिस्टर नेरिमा म्हणाली,
"जीभ दगड मागते
तेव्हा रक्त लोखंड मागत असतं."

दवाखान्यात मी गेले होते तिच्यासोबत,
कारण तिची आई किनाऱ्यावर ओमेना वाळत घालत होती
आणि मासळी कुणासाठी थांबत नाही.
सिस्टरने पोटावर टेप धरली,
आकडा लिहिला, खोडला, पुन्हा धरली.
"हिची स्वतःचीच हाडं वाढताहेत अजून.
एका ताटात दोघं जेवताहेत, मॅडम,
आणि ताट लहान पोरीचं आहे."
मग गोळ्या. मग पालेभाजीची नावं.
मग बोटाला सुई, एक थेंब.

ती एएस निघाली.
मीही एएस आहे, हे मी वर्गाला सांगते,
ते वाकून बघतात, जणू माझ्या अंगावर काही दिसेल.
दिसत नाही.
कुणा खापरपणजीने हिवतापाशी सौदा केला,
अंगठा उठवला,
आणि वसुली आमच्याकडे चालू आहे.

बापाची बाजू कोरी ठेवते मी.
ओगुटू सतरा वर्षांचा,
रात्रभर दिव्याच्या होडीवर असतो, दिवसा झोपतो.
रक्त तपासायला ये म्हटलं तर
मला काय झालंय, म्हणतो.
"बापही एएस असेल तर?"
मी चारही घरं भरते.
शेवटच्या घरात दोन एस शेजारी-शेजारी.
माझा भाऊ त्या घरात राहायचा.
हे मी सांगत नाही.
खडू तेवढा मोडतो.

अवुओर हात वर करते.
"मॅडम, घर आपण निवडतो का?"
"नाही. आणि प्रत्येक बाळाला चारही घरं
पहिल्यासारखीच उघडी असतात."
"मग हे आखायचं कशाला?"
"आधी कळावं म्हणून.
दुखायला लागलं की कुठे धावायचं, ते माहीत असावं म्हणून."

ती खाली बसत नाही.
"माझी आई सोळाची होती, मी झाले तेव्हा.
आजी पंधराची.
ते कुठल्या घरात लिहायचं?"

मागच्या बाकांवर कुणी हसतं. मग हसत नाही.
"ते रक्तात नसतं," मी म्हणते.
"मग कशात असतं?"

मी डस्टर शोधते. डस्टर माझ्या हातातच आहे.
फी, म्हणावं का? पाच मैलांचा रस्ता,
कंदिलातलं तेल, मासळी आधी देऊन
मग किंमत सांगणारे पुरुष?
की आम्ही, हा धडा नेहमी
एक वर्ष उशिरा शिकवणारे?
चौकटीबाहेर फळा बराच मोकळा आहे.
मी तिथे "शोधा" एवढंच लिहिते,
आणि मलाच लाज वाटते त्या शब्दाची.

ऑक्टोबरात बाळ, नोव्हेंबरात परीक्षा.
सिस्टर म्हणते जमेल. वर्ग म्हणतो नाही जमायचं.
आई काहीच म्हणत नाही, वाळूवर जाळं अंथरते.

घंटा होते. कंपासपेटीतून ती
लोहाची गोळी काढते, पाण्याबरोबर गिळते,
आणि गंजाच्या चवीने
तोंड असं वाकडं करते
की क्षणभर ती सहा वर्षांची दिसते.

कुंपणापाशी ओगुटू उभा,
झोपेने सुजलेले डोळे,
एक बोट दुसऱ्या मुठीत धरलेलं.
मुठीतून कापूस डोकावतोय.
"गुरुवारी सांगणार आहेत," तो म्हणतो,
माझ्याकडे न बघता.