दोन शिटांची

जुन्या परकराच्या नाड्याला दोन गाठी मारून
मी वरूडला गेले.
पहिल्या गाठीपर्यंत आमचं दार,
दुसरीपर्यंत उपकेंद्राचं फाटक,
जिथं दर महिन्याला कोणाला तरी सुई असते:
यशूला, नाहीतर या सव्वा महिन्याच्याला,
ज्याचं नाव अजून आत्याच्या वहीतच आहे.

दुकानात दोन होत्या.
एक बाजूबाजूची, गुलाबी,
दोघं शेजारी बसणार, एसटीतल्या नवराबायकोसारखे.
नाडा लावला. पहिल्या गाठीच्या पुढं चार बोटं.
"चौकट काढता येते न," सुगत म्हणाला.
हा माणूस दारं-खिडक्या बसवतो,
त्याला सगळं काढता येतं.

दुसरी एकामागं एक.
पुढच्याला रस्ता, मागच्याला पुढच्याचं टोपरं.
मी विचारलं, मागं कोणी बसायचं?
दुकानदाराची सून हिशेब करत होती,
वर न बघता बोलली, "मागं बसते ते झोपते."
चाकं वाटीएवढी. फरशीवर काय सुरेख पळाली!
आमच्या गावात फरशी आहे
ग्रामपंचायतीपुढं, अठरा फूट.
तिथून पुढं काळी माती,
ओली झाली की चप्पल ठेवून घेते
अन् माणसाला जाऊ देते.

"पण पाहिजे कायले?" सुगत म्हणे,
"यशू चालते आता.
अन् थोडी वाढली का घेईन न त्याले कडेवर."

मी खाली बसले,
विकायला ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या घोड्यावर.

माझी गाडी कुंदाताई होती.
ती सात वर्षांची, मी सहा महिन्यांची,
आई संत्र्याच्या तोड्याला.
लंगडीत ताईला सूट मिळायची म्हणे:
जिच्या कडेवर लेकरू, तिनं दोन पायांवर खेळायचं.
शाळेच्या एका फोटोत ती आहे, दुसऱ्या रांगेत,
अन् तिच्या बगलेखालून माझा एक पाय.
अजूनही बँकेच्या रांगेत ती
डावा खुबा बाहेर काढून उभी राहते,
वर कोणी नसताना.
तिनं कधी काही म्हटलं नाही.
मीही विचारलं नाही कधी
की पाटी मग कोणत्या हातात धरायचीस.

सुगतला एवढंच म्हटलं,
"चालते ती. चालू दे."
तो घोड्याकडं बघत राहिला, मग म्हणाला,
"आणखी काही आहे का हो आत?"

आत होती. पोत्याखाली.
अमरावतीच्या कोणाच्या तरी जुळ्यांची,
चाकं लहान सायकलीएवढी,
शिटा एकमेकींकडं तोंड करून.
एक ब्रेक गेलेला.
शिवणीत बिस्किटाचा चुरा, जुना, दगड झालेला,
अन् पुढच्या दांड्यावर चार दातांचे ठसे.
पहिल्या गाठीच्या आत, बरोबर एक बोट.
अठराशे म्हणाली, चौदाशेला दिली,
वरून पोतंही दिलं.

कंडक्टरनं आधी गाडी पाहिली, मग आम्हाला.
"लेकरं कुठी हायेत?"
"घरी."
"मंग हे काय फिरवून रायले?" म्हणत
त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.

काल कुंदाताई आली, डिंकाचे लाडू घेऊन.
डेअरीपर्यंत तिनंच ढकलली,
दोन्ही हात दांड्यावर.
आत यशू बाळाच्या पायाला
"हॅलो, हॅलो," करत होती, फोन समजून.
डेअरीपुढं ताई थांबली,
अन् खुबा गेलाच बाहेर.
तिचं तिलाच हसू आलं.
यशूनं तेवढ्यात एक चप्पल फेकली, ती मी
मागं जाऊन चिखलातून उपटून आणली.

नाडा पुन्हा परकरात ओवला.
गाठी सोडायच्या राहून गेल्या;
बाळाला पाजायला बसले की
एक कमरेला टोचते,
डाव्या अंगाला.