चतुःसीमा

आर्वीच्या तहसिलासमोर, कडुनिंबाखाली,
टायपिंगवाल्या वानखडेनं वाचून दाखवलं :
'मी, रत्नमाला दिगांबर भोयर, वय एक्केचाळीस,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
माझ्या अथवा माझ्या कुटुंबातील कोणाच्याही नावे
भारतात कुठेही पक्के घर नाही.'
मी म्हटलं, भाऊ, पुन्हा वाचा.
भारतात कुठेही.
एवढं मोठं माझ्याबद्दल
आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

बँकेतला साहेब नवा, कोल्हापूरकडचा.
म्हणाला, सातबारा आणा.
गावठाणात सातबारा नसतो साहेब, नमुना आठ असतो,
हे त्याला मी सांगितलं,
अठरा वर्षं गावाच्या टपालाची थैली उघडते मी,
घरांचे नंबर मला
पोट्ट्यांच्या वाढदिवसांसारखे पाठ.
घर क्रमांक एकशे चौदा, ढोक्यांचं, विकायला काढलेलं :
तिथं मी मनीऑर्डरी दिल्या, दोन तारा दिल्या,
कधी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही.

मग साहेबानं विचारलं, आणि वडिलांचं घर?
त्यात तुमचा हिस्सा?

ट्रंकेच्या तळाशी होता तो कागद.
राखीला अण्णानं मोरपंखी साडी आणली होती,
घडीखाली हक्कसोड.
'इथं सही कर तायडे, अन् इथं.'
आई पुऱ्या तळत होती. तिनं झारा खाली ठेवला नाही.
ती साडी मी एकदाच नेसले.
कागद मात्र अकरा वर्षं जपला,
का, ते मलाच ठाऊक नव्हतं.

साहेबानं तो उजेडात धरला, खूश झाला.
'अरे वा, हे फार बरं झालं.
म्हणजे तुमचं खरंच काही नाही!'
आणि शिक्का मारला.
काहीच नसण्यावर
व्याजात सूट मिळते सरकारची.

मोजणारा माणूस एप्रिलात आला,
तोंडाला दुपट्टा, गाडीची सीट तव्यासारखी.
टेपचं एक टोक त्यानं माझ्या हातात दिलं.
दोन खोल्या स्लॅबच्या, स्वयंपाकघर टिनाचं,
न्हाणीला दार नाही.
घराचं वय किती?
ढोके मावशी म्हणाल्या,
'माह्या लग्नात पिलास्तर ओलं होतं बाप्पा.'
त्यानं लिहिलं : अंदाजे एकतीस.
मधल्या खोलीत छताला पाळण्याची कडी होती,
तिला मावशींनी एकदा हात लावला, टाचा उंचावून.
कडीसाठी त्याच्या फॉर्मात रकाना नव्हता.

पूर्वेस ग्रामपंचायतीचा रस्ता.
दक्षिणेस खुली जागा.
उत्तरेस नाली, तिचा वास लिहीत नाहीत.
पश्चिमेस मारोती लाड्यांचा गोठा,
भिंत सामाईक.
गोठ्यातून लाडे ओरडले, 'बराबर लिहा, बराबर!'

खरेदीच्या दिवशी कॅमेऱ्यापुढे बसवलं.
हसू नका, म्हणाला.
नमुना आठवर मालकाच्या रकान्यात माझं नाव,
भोगवटदार म्हणून दिगांबर.
त्यानं दोनदा वाचलं. 'मंग मी भाडेकरू का?'
आणि न्हाणीच्या दाराचं माप घ्यायला उठला.
खाली बँकेचा बोजा :
दोनशे चाळीस हप्ते, पाच हजार चारशेचे.
बोजा उतरेल तेव्हा मी एकसष्ट.
पहिल्या हप्त्याचं पत्र पोस्टानंच आलं.
मीच त्यावर तारखेचा ठसा मारला,
पत्ता वाचला,
आणि तरीही दुपारपर्यंत थैलीत ठेवलं,
घर क्रमांक एकशे तेराचं देऊन झाल्यावरच दिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अण्णा आला.
चप्पल बाहेर काढून, पाहुण्यासारखा.
पाणी प्याला. पंख्याकडे पाहिलं.
साडीचं, कागदाचं कोणी काढलं नाही.
मग उठून पश्चिमेच्या भिंतीवर थाप मारली,
पलीकडून लाड्यांचा गोऱ्हा हंबरला.
'ही भित कोणाची व्हय?'

'अर्धी माही,' म्हटलं.
'अर्धीच.
पण लिहून हाय.'